बहिनीची वहिनी

आये, परवा मी नगरपरिषदेत भांडलो आणि जिंकून आलो. नववीत शाळा सोडलेला तुझा मुलगा सरकारी खिडकीवर आवाज चढवून बोलला आणि कुणी त्याला हाकललं नाही. सध्या मी रत्नागिरीतच आहे, एका आंब्याच्या बागेत पेट्या भरतोय. मध्ये वेरावळला बोटीवर होतो, त्याआधी एक हिवाळा नेपाळात. तिथं का गेलो ते विचारू नकोस, एक ट्रकवाला चल म्हणाला आणि मी चढलो. तिथलं थोडं बोलणं तोंडात बसलं, ते आता इथं उपयोगी पडतंय, कारण बागेचे राखणदार नेपाळी आहेत. दोन भाऊ आणि त्यांची धाकटी बहीण. तिचा नवरा ट्रॉलरवर खलाशी, आठ-आठ दिवस समुद्रात. ती बागेतल्या खोपीतच बाळंत झाली, रिक्षा येईपर्यंत मुलगी रडायलाही लागली होती.

बाग शहराच्या हद्दीत, म्हणून नोंद नगरपरिषदेत. बाप समुद्रावर, आई ओली बाळंतीण, तेव्हा थोरला मामा गेला. क्लार्कने विचारलं, बाळ तुमचं कोण? तो म्हणाला, "बहिनीको छोरी." नेपाळीत बहिनी म्हणजे धाकटी बहीण. पण इथं तिची झाली वहिनी. वहिनीची मुलगी म्हटल्यावर बाप कोण, तर भाऊ. "भावाचं नाव सांगा," क्लार्क म्हणाला. भाऊ हा शब्द मामाला नीट कळला, त्यानं इमानदारीत आपल्या धाकट्या भावाचं नाव सांगितलं. दाखला छापून हातात आला. मी त्या वेळी कुठे होतो ते मग सांगतो.

बागेत त्या बाईनं दाखला हातात घेतला. अक्षरं आपलीच, देवनागरी. बोट ठेवून वाचत गेली आणि वडिलांच्या जागी तिला सख्ख्या भावाचं नाव दिसलं. आधी ती हसली. मग हसता हसता पदर तोंडात कोंबून बसली. "यो कागज लिएर घर कसरी जानु?" हा कागद घेऊन घरी कशी जाऊ? गावी सासू वाट बघतेय, आणि मोसम संपत आला म्हणून सगळे चार दिवसांनी परत निघणार.

तेव्हा मला तुझा नळाचा फॉर्म आठवला. आपण खालच्या आळीत भाड्यानं राहायचो आणि तू काजूच्या कारखान्यात जायचीस, बोटं चिकानं काळी. फॉर्म सगळा इंग्रजीत. नळाच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, इथं सही करा. तू म्हणालीस, "ह्याच्यात काय लिवलाय ता आधी वाचून दाखवा." "अहो बाई, सगळे करतात." "सगळ्यांचा नळ नाय तो, माजा हाय." आणि बाकावर बसलीस. मी तुझा पदर ओढत होतो, मला लाज वाटत होती. शेवटी तो वैतागून मराठीत वाचायला लागला, आणि वाचता वाचता त्यालाच कळलं की हा फॉर्म दुकानांचा आहे, घरांचा नाही. घरी येऊन तू नेहमीसारखा भात टाकलास.

तर परवा मी बाळासकट सगळ्यांना रिक्षात घालून नेलं. ती बाई बोलायला लागली तसा क्लार्क म्हणाला, "मराठीत सांगा. इथं कामकाज मराठीत चालतं." मी म्हटलं, "मराठीतच चालवा साहेब, मराठीसाठी मीपण भांडेन. पण जन्म हिनं दिलाय. काय विचारलं आणि काय लिहिलं ते हिला कळायला नको?"

"मग मी काय आता नेपाळी शिकू?"

"नको. तुम्ही विचारा, मी हिला सांगतो, ती बोलेल. लिहिलेलं परत वाचून दाखवा आणि मगच छापा."

"तुम्ही कोण पण?"

"पेट्या भरतो."

रांग हसली. मागची एक म्हातारी पिशवी सावरत म्हणाली, "अवो साहेब, बोलाया तरी द्या तिला. पोर घेऊन मघापासना उबी हाय."

क्लार्क माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, एकेक प्रश्न सावकाश विचारला. ती मामाकडं बोट दाखवून "दाजु", म्हणजे थोरला भाऊ, म्हणाली, स्वतःच्या छातीवर हात ठेवून "बहिनी" म्हणाली. क्लार्कनं कपाळावर हात मारला. "अरे देवा, बहीण! आणि मी वहिनी लिहून बसलो." दुरुस्तीच्या अर्जाला दोन साक्षीदार लागले, एक बागेचा मालक आणि एक मी. कारणाच्या रकान्यात त्यानं आपल्या हातानं लिहिलं, ऐकण्यात माझी चूक. काल छापण्याआधी त्यानं कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला. तिनं नवऱ्याचं नाव हळू आवाजात दोनदा वाचलं. कायदा मला कळत नाही, आये. पण खिडकीच्या अलीकडं उभ्या असलेल्या माणसाला आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय ते कळलंच पाहिजे, एवढं मी कुठल्याही साहेबाला तोंडावर सांगेन.

आता ते राहिलेलं. पहिल्या दिवशी मी तिथंच होतो, मामाच्या शेजारी, दुभाष्या म्हणूनच गेलो होतो. क्लार्कनं मला विचारलं होतं, "बहिनी म्हणजे वहिनीच ना?" बाहेर एक कारवारचा ट्रक लागला होता, मी त्याच्या पाटीकडं बघत होतो, कारवार मी अजून बघितलेलं नाही. "हो हो, तीच," म्हणालो. क्लार्कला हे आठवत नाही. चूक त्यानं आपल्या नावावर घेतली आणि खाली मी सही केली. हे ज्यात लिहितोय ती वही खोपीत माझ्या उशाशी पडलेली असते. मामा कधीकधी ती उघडून अक्षरं लावत बसतो. मराठीचा अर्थ त्याला लागत नाही. म्हणूनच इथं लिहिलं.