झिंग्यांचं पाणी

आत्या,

ओट्यावरची बादली कुणी रिकामी केली, कळलंय मला! टँकरच्या पाण्यातला ब्लीचिंग पावडरचा वास उडावा म्हणून मी ती झिंग्यांसाठी दोन दिवस उघडी ठेवली होती. तू ते शिळं म्हणून म्हशीला पाजलंस आणि वर माया करून काचपेटीत ताजं ओतलंस. निम्मे झिंगे उताणे पडले की गं! मच्छीमार संस्थेच्या मकसूदचाचांनी माजलगावच्या धरणातून आणून दिले होते. आता धरणच आटलंय, परत कुठून आणू?

उरलेले पातेल्यात काढलेत, रांजणातल्या शिळ्या पाण्यात. त्यांना फोडणी देऊ नकोस, लई उपकार होतील.

आज मी बिनआंघोळीची शाळेत चाललेय. माझ्या वाट्याचं पाणी त्याच बादलीत उघडं ठेवलंय. म्हैस कितीही रेकली तरी तिला ते दाखवूसुद्धा नकोस.

कांचन