मैदानामागची खोली

३ मार्च
आजपासून निवाऱ्याच्या फुटबॉल टीमचा कोच मी. कोणी नेमलं नाही. नेमायची अक्कल इथे आहे कोणाला? मी इथे तात्पुरता आहे. ताईने घराचं कुलूप बदललं ते चोरांच्या भीतीने. मला किल्ली द्यायची राहून गेली असणार.

४ मार्च
निवाऱ्याच्या मॅडम म्हणाल्या, समोरच्या क्लबला मैदान सांभाळायला माणूस हवाय. पगार आणि मैदानामागची खोली. आतून कडी असलेली! टीममधल्याच एकाला मिळणार, वीस तारखेच्या मॅचनंतर. म्हणजे मलाच. तरी मॅडम सगळ्यांकडे बघून बोलत होत्या. डोकं फिरलं.

५ मार्च
सरावाला सगळे उशिरा. शिस्त नाही म्हणूनच रस्त्यावर आलात, असं तोंडावर सुनावलं. नियम केला: दोन सराव चुकले की टीममधून बाद. आमचे गोलकीपर मामा (साठीला टेकलेत, गुडघे कुरकुरतात) म्हणाले, कोचलाही लागू का हो? सगळे फिदीफिदी हसले. मी गरजलो, मला आधी!

८ मार्च, अंथरुणातून
सराव चुकला. शेजारच्या खाटेवर मामा रात्रभर घोरतात आणि पहाटे टुणकन उठतात. माणूस आहे की अलार्म? शिवाय डावपेच पडल्या पडल्याच सुचतात.

११ मार्च
क्लबचे सेक्रेटरी बघायला आलेले आणि मामा चुन्याची बादली घेऊन मैदानावर वाकलेले! झापलं. म्हटलं, मामा, गोल अडवा, रंगकाम नको. तर म्हणे, रेषाच पुसली असेल तर गोल झाला की नाही कसं कळणार, कोच? उलट उत्तरं!

१४ मार्च, दुपार
आत्ता उठलो. सराव होऊन गेला. हाक मारायची रीत नाही? मामा म्हणतात, मारली, तुम्ही उशी फेकलीत. धादांत खोटं. उशी हातातून निसटली.

१५ मार्च
मला टीममधून बाद केलं. मला! माझ्याच नियमाने! वर मॅडम म्हणाल्या, नियम छान आहे, तेव्हापासून सगळे वेळेवर येतात. कृतघ्न जमात. रागाने जेवलो नाही. (नंतर जेवलो. अन्नावर कशाला राग?)

१६ मार्च
ताईने फोन उचलला. ठणकावलं, मला खोली मिळतेय, तुझ्या घराची गरज नाही. म्हणाली, आधी नोकरी मिळत होती, मग दुकान, आता खोली. मिळाली की सांग. सख्खी बहीण!

२० मार्च
मॅच हरलो. चार गोल खाल्ले मामांनी आणि खोली मामांना! सेक्रेटरींना जाब विचारला. म्हणाले, गोल मोजायचे नव्हते, रोज येणारा माणूस हवा होता. हे काय उत्तर झालं? मामा नव्या दाराची कडी लावत होते, काढत होते, परत लावत होते. म्हातारपण!

२१ मार्च
मामा भेटायला आले. म्हणाले, कोच, मदतीला एक माणूस घ्यायचाय, मी तुमचं नाव टाकलंय. खोलीत दुसरी खाट मावते. फक्त उद्या उजाडायच्या आत या, सेक्रेटरी येणारेत. सल्लागार म्हणून होकार दिला. घड्याळाला गजर लावला. आता बघतीलच सगळे.

२२ मार्च, दुपार
घड्याळ भिंतीपाशी पडलंय, त्यावर माझी उशी. हे शेजारच्याचंच काम. सोडणार नाही त्याला.
शेजारची खाट रिकामी आहे.