ले ऑफ

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, पण हे इंग्रजी मला शिकवावं लागलं नाही. बावीस वर्षांनी कारखान्याने मला घरी बसवलंय. मनगट सुजलं म्हणून कारखान्याच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तर त्यांनी चिठ्ठी लिहिली: ‘ले ऑफ द लेथ, थ्री वीक्स.’ गेल्या वर्षी रंगकाम खात्यातल्या नऊ जणांचा ले ऑफ झाला, तेव्हापासून तो शब्द इथे सगळ्यांना पाठ आहे. चिठ्ठी फोरमनला दाखवली, त्याने नुसती मान हलवली. तीन आठवड्यांची नोटीस असली, तरी तोवर हात चोळत कोण बसणार? लेथ मशीन पुसलं, माझा मायक्रोमीटर पिशवीत टाकला आणि निघालो.

हिला सांगायची हिंमत होत नाही. रोज डबा घेऊन वाचनालयात बसतो. तिथले ग्रंथपाल मला विद्वान समजू लागलेत!

लोभ थोडा जास्तच असू दे.
तुझा धाकटा

७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अरे शहाण्या, मालकाने माणसाचा ले ऑफ केला, तर काम गेलं. पण माणसालाच एखाद्या गोष्टीबद्दल ‘ले ऑफ’ म्हटलं, तर ती काही दिवस बंद ठेव, एवढंच. मला डॉक्टर गोड खाण्याबद्दल हेच सांगतात. वर्गात पोरं एकाला फार छळू लागली की मीही त्यांना ‘ले ऑफ’ म्हणते. म्हणजे, सोडा त्याचा पिच्छा. बाईंनी तुझ्या मनगटाला विश्रांती दिलीय रे! पत्र मिळताच जा आणि तोंड उघडून विचार. आणि वहिनीला आधी सांग.

माया आहेच, ओरडाही तिच्यातच धर.
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझंच खरं. फोरमन म्हणाला की त्याला वाटलं, मी घरी आराम करतोय. माझ्या मशीनवर त्याने कुणालाही बसवलेलं नाही. तीन आठवडे पुरे होईपर्यंत मी मोजमापाच्या खोलीत, इतरांचं काम तपासायला.

हिलाही सगळं सांगितलं. तर म्हणाली, की नोकरी गेली असती तरी चाललं असतं, पण तिला न सांगता एकट्याने सोसलं ते चालणार नाही.

मोजमापाच्या खोलीतले सुट्या भागांचे सगळे नकाशे इंग्रजीत. बावीस वर्षं अडलेला शब्द मी अंदाजाने रेटत आलो. काल शेजारच्या टेबलावरच्या मुलीला तीन शब्दांचे अर्थ विचारले. ती हसली नाही. आज आणखी चार विचारले.

असाच जीव लावत राहा.
तुझा धाकटा