हौसरावांच्या गाडीची गळती

२० मार्च १९६१, सोमवार

ईद झाली. शीरखुर्म्याचं पातेलं अर्धं उरलं, अम्माने शेजारीपाजारी वाटून टाकलं. दर वर्षी ट्रकवाले सकाळपासून येत, अब्बांच्या ट्रकदुरुस्तीच्या शेडमधल्या बाकावर बसून वाट्या रिकाम्या करत. या वर्षी एक माणूस फिरकला नाही. अब्बा नवा सदरा घालून दुपारपर्यंत दारात बसले. मग म्हणाले, "ऊन फार आहे, कोण येणार." आज पहाटेच्या एस.टी.ने दौंडला गेले.

हे सगळं एका माणसामुळे. मांडवगणचा हौसराव, सोसायटीचा चेअरमन. सगळे त्याला आप्पा म्हणतात. मी या वहीत म्हणणार नाही.

दिवाळीआधी त्याची जुनी अमेरिकन गाडी अब्बांकडे आली होती. क्लच नसलेली, गेअर आपोआप बदलणारी. तालुक्यात तशी दुसरी नाही. गेअरबॉक्समधून लाल तेल गळायचं. त्याने मुंबईहून नवं ऑइल सील आणलं होतं – बांगडीएवढी रबरी कडी, ती तेल आत धरून ठेवते. अब्बांनी गाडी दुरुस्त करून दिली. आठव्या दिवशी भर बाजारात तीच गाडी उभी, आणि खाली लाल थारोळं.

हौसराव अब्बांवर ओरडला, "मीरासायब, नवं सील बसवलंच न्हाईस तू. जुनंच ठिवलंस आन् मला गंडवलंस."

मी भाजीची पिशवी घेऊन अब्बांशेजारीच होते. अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "या पोरीची शपथ, नवंच बसवलंय."

आणि तो हसला. "पोरीला कशाला मधी घेतो?" म्हणाला. बाजार हसला.

चार महिन्यांत शेड बंद पडली. वीस वर्षं स्वतःच्या शेडमध्ये मिस्त्री असलेला माणूस आता दौंडला दुसऱ्याच्या गॅरेजात हाताखाली काम करतो, शुक्रवारी घरी येतो. माझ्या डोक्यावरचा तो हात मला अजून जाणवतो. ते हसणंही.

२३ मार्च, गुरुवार

मधल्या सुट्टीत हौसरावचा ड्रायव्हर संपत शाळेत आला. वर्गाच्या दारात चपला काढल्या, जसं काही देवळात येतोय.

"बाई, गाडीचं पुस्तक गावलं. सीटखाली व्हतं. विंग्रजी हाय. गळती कशी काढायची त्येवढं मराठीत लिवून द्या म्हनले आप्पा."

मी विचारलं, "मी कोणाची मुलगी, माहीत आहे ना त्यांना?"

"म्या बी त्येच म्हनलो. तर म्हनले, बाप गंडवील, पोरगी न्हाई गंडवायची. शिकलेली हाय."

माझे कान तापले. संपतला काही कळलं नाही, तो आपला बोलतच होता. रोज सकाळी अंगणात लाल डाग. "आप्पांच्या घरच्या काकी म्हंत्यात, ही मोटार कुटली, पान खाऊन पिचकाऱ्या टाकनारी म्हातारी हाय." अकरा एप्रिलला सोसायटीच्या नव्या गोदामाचं उद्घाटन. पुण्याचे पाहुणे रेल्वेने दौंडला उतरणार, त्यांना या गाडीतून मांडवगणला न्यायचं आहे. त्याआधी गळती थांबलीच पाहिजे.

पुस्तक ठेवून घेतलं.

२५ मार्च, शनिवार

शाळेतला शब्दकोश घरी आणला. दोन दिवस वाचते आहे. सुरेख पुस्तक – इतकं स्वच्छ लिहिलेलं की वाचता वाचता राग विसरायला होतं. मग आठवण करून घ्यावी लागते.

सील कसं काढायचं, कसं बसवायचं, सगळं आहे. नंतर तेल भरणं. तिथे एक ओळ सापडली. ट्रकचं तेल इंजिन बंद करून, थंड असताना बघतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. या गाडीचं उलट. इंजिन चालू ठेवून, गेअर गरम झाल्यावरच तेल मोजायची पट्टी घालून बघायचं. कारण गाडी बंद असली की तेल खाली उतरून साचतं आणि पट्टीवर भरपूर दिसतं. प्रत्यक्षात दोन-तीन बाटल्या कमी. तसंच चालवलं तर सपाटीला कळत नाही. चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही, आणि गेअरबॉक्स आतून जळतो.

ती ओळ मी पाच वेळा वाचली.

२६ मार्च, रविवार

ओळ नुसती गाळली तर ते खोटं होईल का?

नमाज पढताना दोनदा चुकले.

२७ मार्च, सोमवार

लिहून झालं. सुवाच्य अक्षरात, फुलस्केपच्या तीन पानांवर.

ओळ गाळली नाही. गाळली असती तर ती चूक ठरली असती, मला स्वतःला सांगता आलं असतं की राहून गेली. मला चूक करायची नाही. मला सूड घ्यायचा आहे. म्हणून सरळ उलट लिहिलं: "इंजिन बंद ठेवून, गाडी पूर्ण थंड असताना पट्टीवरील वरच्या खुणेपर्यंत तेल भरावे." खाली रेघही मारली. कोणाला संशय यायचा नाही, सगळे मिस्त्री तसंच करतात.

बाकीचं एक अक्षरही खोटं नाही. सील नीट बसेल, गळती थांबेल. तो निश्चिंत होऊन पाहुण्यांना बसवील.

संपतच्या हातात कागद आणि पुस्तक दिलं.

३१ मार्च, शुक्रवार

संपत भेटला. हौसराव म्हणे कागद बघून खूश. "अक्षर बग, मोत्यावानी. बाप तसा, लेक आशी!"

खुशाल बघू दे.

अब्बा आज आले नाहीत. दौंडला काम आहे असा निरोप.

३ एप्रिल, सोमवार

मुलींना गणितं घालून दिली आणि खिडकीतून बघत बसले. दौंडहून येताना भीमेचं पात्र उतरायचं, उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढंच असतं. पलीकडे तो उभा चढ. मी मोजते आहे. चढाच्या मध्यावर गाडी ओरडायला लागेल. पांढऱ्या टोप्यांचे पाहुणे खाली उतरतील. वर लेझीम घेतलेली पोरं, ताटात कुंकू घेतलेल्या बाया, सगळा गाव बघत असेल. हौसराव धोतर सावरत मागून ढकलेल. बैल आणावे लागतील. बैल! अमेरिकन गाडीला.

आणि कोणीतरी हसावं. एक जण जरी हसला तरी मला पुरे. मला ते हसणं ऐकायला हवं होतं, पण मी शाळेत असेन.

५ एप्रिल, बुधवार

आज मुलींवर उगीच ओरडले. भूक नाही. अम्मा विचारते, ताप आहे का.

पश्चात्ताप नाही. वाट बघणं सोसत नाही, इतकंच.

७ एप्रिल, शुक्रवार

अब्बा आले. दारातूनच अम्माला हाक, "खातून, आज गोड कर काहीतरी." कित्येक महिन्यांत असा आवाज ऐकला नव्हता.

म्हणाले, "ओळख, कोणी बोलावलं मला."

मला त्याच क्षणी कळलं. बसून राहिले.

ती गाडी उघडायला कोणी तयार होईना. शेवटी हौसराव स्वतः दौंडच्या गॅरेजात आला. म्हणाला, "मीरासायब, झालं गेलं सोडा. तुमच्याबिगर हिला हात लावाया धजावनार न्हाई कोन." तुमच्याबिगर! अरेतुरे करणारा माणूस. गेल्या आठवड्यातलं ते काम हेच. त्याने मुंबईहून आणलेलं दुसरं सील बसवून झालं, एक थेंब गळत नाही. मंगळवारी गाडी अब्बांनीच चालवायची, पाहुण्यांना घेऊन, सगळ्यांसमोर.

मग खिशातून कागद काढला. घडी पडून पडून मऊ झालेला. माझं अक्षर. अब्बांना वाचता येत नाही, संपतकडून तीनदा वाचून घेतलं म्हणे. "सगळं तुझ्या कागदाप्रमाणे केलं. तेलसुद्धा. गॅरेजात सगळ्यांना दाखवलं, माझ्या मुलीनं लिहिलंय."

अम्माने शेवया केल्या. मी खाल्ल्या.

८ एप्रिल, शनिवार

सांगितलं नाही. अब्बा पहाटे गेले तेव्हा मी जागी होते, आणि झोपेचं सोंग घेतलं. चढावर आता अब्बा. इंजिन ओरडेल, सगळे त्यांच्याकडे बघतील, आणि या वेळी त्यांच्या लबाडीबद्दल कोणाला शंकाही उरणार नाही.

त्याच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात मी कोणाला उभं केलं!

९ एप्रिल, रविवार

अम्माला म्हटलं, शाळेचं काम आहे. एकटीने दौंडची गाडी पकडली. पहिल्यांदाच.

गॅरेजला सुट्टी होती. अब्बा एकटेच कापडाने गाडीचं बॉनेट पुसत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. कागदात तेलाचं खोटं लिहिलंय. मुद्दाम. चढावर बंद पडावी म्हणून.

वाटलं, मारतील. कधी मारलेलं नाही, पण वाटलं. ते इतकंच म्हणाले, "पुस्तकात दाखव, कुठं लिहिलंय."

मी गाडीतलं पुस्तक घेतलं, पान काढून इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. त्यांनी इंजिन चालू केलं. आम्ही दोघं गाडीशेजारी उभे, गेअर गरम व्हायची वाट बघत. मग पट्टी काढली. खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला जेमतेम लाल. त्यांनी तीन बाटल्या तेल ओतलं, परत बघितलं, पट्टी पुसली. मग पुसतच राहिले.

"हे कोणासाठी केलंस?"

"तुमच्यासाठी."

समोरच्या हॉटेलातून चहा आणून दिला, एस.टी.त बसवलं. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "अम्माला सांगू नको." गाडी सुटल्यावरही तिथेच होते.

त्यांनी मला माफ केलं की नाही, कळत नाही. हौसरावला मी केलेलं नाही. तो वाचला तो अब्बांमुळे, माझ्यामुळे नाही.

१२ एप्रिल, बुधवार

संपत शाळेत नाचतच आला. गाडी चढ अशी चढली की "पाहुन्याच्या मांडीवरचा नारळ बी हालला न्हाई." आणि मग गोदामासमोर, पाहुण्यांचे हार झाल्यावर, हौसरावने अब्बांना बोलावून घेतलं. लोकांसमोर हार घातला. त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "भर बाजारात या मानसाला म्या लबाड म्हनलो व्हतो. सीलच खराब आसंल, चूक माजी व्हती. मीरासायब, माफी करा."

संपत म्हणतो, "मिस्त्रींच्या डोळ्यांत पानी."

मी वर्गात परत गेले आणि मुलींना लवकर सोडलं. बैलांनी ओढलेली गाडी, ढकलणारा हौसराव – किती क्षुद्र गोष्ट मागत होते मी! हे त्याहून मोठं मिळालं. स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या गावात. आज पोट भरून जेवले. त्याचं तोंड कसं झालं असेल ते पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणते आहे. याला पाप म्हणत असतील तर म्हणोत.

१४ एप्रिल, शुक्रवार

अब्बा आले. जेवण झाल्यावर अम्मा विहिरीवर गेली, तेव्हा म्हणाले, "तू मला सांगितलंस, आता मी सांगतो. गाडी उघडली तेव्हा आत जुनंच सील होतं. मीच ठेवलेलं. नवं ठोकताना माझ्या हातून फाटलं होतं. आप्पा खरं बोलत होते."

मी विचारलं, "मग ते माफी मागत होते तेव्हा का नाही सांगितलंत?"

म्हणाले, "लोक बघत होते."