दारात न उतरण्याचा खुलासा

मुरबाड,
२० मे २००३

चि. रत्नदीप,

सप्रेम जय भीम. तुझा गुडघा, लक्ष्मीची शुगर आणि स्नेहलच्या लग्नाची तयारी, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. माझी तब्येत बरी आहे. गाडीची त्याहून बरी. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा स्नेहल म्हणाली, पप्पा घरात नाहीत. मागून तुझा खोकला ऐकू येत होता (ओला आहे, अडुळसा घे). म्हणून पत्र.

स्नेहलच्या साखरपुड्याला मी बुलेटवरून आलो, तुझ्या मांडवाला तीन फेऱ्या मारल्या आणि न उतरता निघून गेलो, हे खरं आहे. पण तू त्याचा जो अर्थ काढलास (बहीण गेली तशी भावोजींची सासुरवाडीही संपली, असं तू चारचौघांत म्हणालास, ते डोळखांबहून फिरून माझ्यापर्यंत आलं), तो साफ चूक आहे. कारण तांत्रिक आहे. पाणी पिऊन ये आणि सावकाश वाच.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी ठरवलं होतं की दसऱ्याला गाडीवरून नागपूरला जायचं, दीक्षाभूमीला. रत्नप्रभाचीच कल्पना. एवढ्या लांबच्या रस्त्याला खड्डे किती, याचा विचार करून मी पुढचं एकोणीसचं चाक काढलं आणि एकवीसचं बसवलं. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं. चाक दोन इंचांनी मोठं झालं की गाडी पुढून एकच इंच चढते, कारण उरलेला इंच आसाच्या वर जातो (हे मुरबाडच्या एकाही गॅरेजवाल्याला अजून पटलेलं नाही. एकाने तर माझ्यासमोर टेप लावला, इंचच भरला, तेव्हा म्हणाला टेप जुना आहे). मडगार्डच्या पट्ट्या मी स्वतः वाढवल्या. मीटर पुढच्या चाकावर चालतो, त्यामुळे तो आता अंतर कमी दाखवतो. मीटरच्या मते तुझं आटगाव मला पूर्वीपेक्षा जवळ झालंय. असं म्हणणारा सध्या तो एकटाच आहे.

आता पुढून गाडी चढली म्हणजे मागूनही चढवायला हवी, नाहीतर मागे बसणारा माणूस घसरत घसरत कॅरियरवर जातो. त्यासाठी मागच्या शॉकअपना पाच खाचा असतात. पहिली खाच एकट्यासाठी, पाचवी दोघं आणि सामान यांच्यासाठी. मी अंदाजाने काम करत नाही, हे तुला माहीत आहे. रत्नप्रभाला धर्माच्या भातगिरणीत नेऊन काट्यावर उभं केलं. अठ्ठावन्न किलो. धर्मा म्हणाला, "वयनींना भरडून देऊ का तशाच नेता?" ती इतकी हसली की काटा स्थिर होईना, आणि मला तीन वेळा वजन घ्यावं लागलं. मग पाचवी खाच लावली, तिला मागे बसवलं, टाकीवर बशीत चहा ओतून ठेवला. चहा बशीच्या काठाला चारी बाजूंनी सारखा लागला. अशी गाडी ठाणे जिल्ह्यात दुसरी नसेल.

अडचण एकच आहे. ती बसली की गाडी दबते आणि माझे दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकतात. ती नसली की गाडी वर येते आणि टेकत नाहीत. (माझी उंची पाच फूट दोन इंच. तुझ्या वडिलांनी स्थळ बघताना हा मुद्दा काढला होता, मी विसरलेलो नाही.) बुलेटचं वजन बोटांच्या टोकांवर पेलत नाही. म्हणजे मी एकटा असलो तर गाडी उत्तम चालवू शकतो, फक्त थांबवू शकत नाही.

थांबायला डाव्या पायाखाली काहीतरी उंच लागतं. घरी ओटा आहे. पेट्रोल पंपावर कट्टा आहे. सरळगावला मोरीचा कठडा आहे. किन्हवलीला कोंडूच्या टपरीपुढे एक दगड आहे, तिथे मी गाडीवर बसूनच चहा पितो. कोंडू रोज म्हणतो, "काका, उतरा की खाली, इथं कोन खानार नाय तुमाला." मी म्हणतो, घाई आहे. कसली घाई असणार मला? पण असंच चाललंय. रस्त्यात ओळखीचे हात करतात, मी मान हलवून पुढे जातो. नरेंद्रला बायको गेल्यापासून शिंगं फुटली, असं लोक म्हणतात. दगड असता तर थांबलो असतो.

तुझ्या दाराची पायरी माझ्या मापाची आहे, त्या भरवशावर निघालो. तर पायरीला लागून तू नवऱ्याकडच्यांची जीप लावलेली. पहिल्या फेरीला वाटलं, कोणीतरी काढेल. दुसऱ्या फेरीला व्याही हात जोडून उभे राहिले. माझे हात हँडलला, म्हणून मी फक्त मान तुकवली. तेवढ्यात तुमच्या बँडवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने वाजवायला घेतलं. तिसऱ्या फेरीला तुमची गोदूमावशी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अवं भावजी, उतरा ना! फेऱ्या मारायला देऊळ हाय का ह्ये?" त्या वेळी, "मावशी, पाय पुरत नाहीत, धरा जरा," एवढंच म्हणायचं होतं. चार पोरांनी गाडी धरली असती. पण नव्या पाहुण्यांसमोर ते तोंडातून निघालं नाही. मागच्या सीटला साडी बांधलेली होती, रत्नप्रभाने स्नेहलसाठी आधीच घेऊन ठेवलेली. तिलाही तीन फेऱ्या घडवून परत आणली.

झाला तो प्रकार एवढाच आहे. तू शहाणा आहेस, समजून घेशील. लक्ष्मीला नमस्कार, स्नेहलला आशीर्वाद.

तुझा भावोजी,
नरेंद्र

ता. क. दाराच्या डाव्या अंगाला एक दगड बसवून घे. नऊ इंच उंच, वरून सपाट. मग जीप कुठेही लावा.

ता. क. २. कोणीतरी तुला सांगेल की शॉकअपची खाच पाचवीवरून पहिलीवर आणली की झालं, पाच मिनिटांचं काम. मला माहीत आहे. पाना खिळ्याला टांगलेला आहे, येता जाता दिसतो. आजारपणात ती मागे बसायची, डॉक्टरांकडे न्यायला, तेव्हा आधी माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या, मग तळवे. डॉक्टरांच्या काट्याआधी मला कळलं होतं. तेव्हा खाच उतरवली नाही, आता कशी उतरवू? ती उतरवली की गाडी एकाची होते.

ता. क. ३. दसऱ्याला तुला रजा मिळते ना? तुझं वजन कळव. पिशवीसकट अठ्ठावन्नच्या आसपास भरलं तर कशालाच हात लावायला नको.