शेगडीच्या खोलीतली पावले

३ डिसेंबर
पुन्हा पावले! दार लावलेले, जिन्यात कोणी नाही. शेगडीच्या धुराड्याची नळी वाऱ्याने घुमायची, म्हणून परवा तिच्यात फडकी कोंबली. घुमणे थांबले — आणि पावले सुरू झाली. नळीत जे ओरडत होते ते आता खोलीत आले की काय?

हिला सांगितले. शेगडीशी हात शेकत हसली. "भूत तुम्हाला बघूनच पळेल हो!" हिला सगळ्याचीच थट्टा.

६ डिसेंबर
डोके ठणकते. मळमळते. खुर्चीत डुलकी लागली तर छातीवर कोणीतरी येऊन बसले. हाक मारायला गेलो तर आवाज फुटेना. खिडकीच्या फटी, दाराची फट — सगळीकडे कागद चिकटवले. आता शिरून दाखव म्हणावे!

७ डिसेंबर
सगळेच वाढले.

९ डिसेंबर
खाली मुलगा सुनेला म्हणत होता, "बाबांचं डोकं ठिकाणावर नाही. वृद्धाश्रमात विचारून आलोय." मी जिन्यात उभा. पाढे म्हणून पाहिले. सोळापर्यंत आले, सतराला अडलो. पण सतराचा मला शाळेतही कुठे येत होता!

ही एवढेच म्हणाली, "कोणी कुठ्ठे नेत नाही तुम्हाला. मी आहे ना."

१२ डिसेंबर
सुनेने शेगडी दुरुस्त करणारा आणला. त्याने नळीतून काळी फडकी ओढून काढली आणि कपाळाला हात लावला. "आजोबा, भूत कसलं! तुम्हीच व्हायच्या बेतात होतात!"

मग सांगत बसला. बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो. त्याच्या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तात भिनला की पावले ऐकू येतात, छाती दबते, नसलेली माणसे दिसतात. पूर्वी अशाच खोल्यांना लोक झपाटलेल्या म्हणायचे, घरे सोडून पळायचे. मी दोनदा सांगायला लावले — मुलाला नीट ऐकू जावे म्हणून!

मुलाने मान खाली घातली. "चुकलो बाबा. कुठे जायचं नाही तुम्ही."

म्हणजे माझे डोके ठिकाणावर आहे!

१४ डिसेंबर
खिडकी सताड उघडी. डोके हलके. पावले नाहीत.

सुनेला विचारले, ही कालपासून दिसली नाही, कुठे गेली? कप पुढे करता करता तिचा हात थांबला.

"बाबा... आईंना जाऊन वर्ष झालं."

शेगडी पेटव म्हणालो. आणि ती खिडकी लाव.