मोकळ्या देशाची बाजू

३ मार्च
ऑफिसच्या वादसभेत माझं नाव लागलं. विषय: चांगलं जगणं कुठल्या देशात? कॅशियर सिंगापूरच्या बाजूने, मी हॉलंडच्या. दोन्ही देश दोघांनीही पाहिलेले नाहीत, त्यामुळे सामना बरोबरीचा. रोज पहाटे तासभर अभ्यास करायचा. नक्की.

५ मार्च
पहाटे जाग आली नाही. पण अंघोळ करताना मुद्दा सुचला: 'सुरक्षिततेच्या नावाखाली माणसाला कोंडणं ही गोड गुलामगिरी.' बायकोला ऐकवला. ती म्हणाली, बाबांनाही ऐकवा. टोमणा असावा. बाबा जिन्यात घसरले तेव्हापासून आम्ही दोघं कामाला निघालो की मी दाराला बाहेरून कुलूप लावतो. काळजीपोटी. हॉलंडचा इथे संबंध नाही.

८ मार्च
बाबांनी किल्ली मागितली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन बसायचंय म्हणे. म्हटलं, त्यालाच घरी बोलावतो. तर म्हणाले, अरे, मला त्याचा वस्तरा नकोय, गप्पा हव्यात. म्हटलं, सभा होऊ दे, मग बघू. 'बरं' म्हणाले. बाबा इतक्या पटकन 'बरं' म्हणाले की मलाच वाईट वाटलं. तरी जेवलो. पोटभर.

११ मार्च
भाषण पाठ. आरशासमोर तीनदा, खड्या आवाजात. बाबा बाहेरच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसले होते. बघवेना. खुर्ची खिडकीकडे वळवून दिली. जरा बरं वाटलं, मग तेही वाटेना. उद्या किल्ली देणार. उद्या म्हणजे सभा झाली की.

१३ मार्च, संध्याकाळ
सभा झाली. 'गोड गुलामगिरी'ला कॅशियरनेही टाळ्या वाजवल्या. मग प्रश्नोत्तरं. शेवटच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. बाबा! नंतर कळलं, त्यांनी खिडकीतून न्हाव्याला हाक मारली, त्याने किल्लीवाला आणला, कुलूप निघालं. बाबा आणि न्हावी रिक्षाने आले. बाबांनी शांतपणे विचारलं, हॉलंडमध्ये मुलगा कामाला जाताना बापाच्या घराची किल्ली कुणाकडे असते? लोक हसले. किल्ली माझ्या खिशात. मी म्हणालो, वेळ संपली. कॅशियर जिंकला.

१४ मार्च
सकाळीच बाजारातून नवं कुलूप आणलं आणि सगळ्या किल्ल्या बाबांपुढे ठेवल्या. माफी मागायची होती, तोंडातून निघालं, जिना जपून उतरा. बाबा म्हणाले, राहू दे तुझ्याकडेच, मी आत्याकडे चाललोय. म्हटलं, आत्याला स्वतःलाच धड दिसत नाही, तिथे तुमची काळजी कोण करणार? म्हणाले, कुणी नाही. म्हणून तर चाललोय.

किती दिवसांसाठी, ते विचारायचं धाडस झालं नाही. बसपर्यंत सोडतो म्हटलं. म्हणाले, ये, पण थोडा मागून चाल.

मागून चाललो. बाबा चांगले भरभर चालतात. मला माहीतच नव्हतं.